रकाना नऊ

रकाना नऊ : अपराध का संभावित कारण.
जागा दीड ओळ.
बाकी फॉर्म तसा ऐसपैस,
वडिलांच्या व्यवसायाला चार ओळी,
अंगावरच्या खुणांना तीन.

मुलगा चौदाचा. दुर्गेश म्हणू,
खरं नाव लिहायची मला परवानगी नाही.
परदेशीपुऱ्यात, बंद मिलच्या भिंतीला
पाठ टेकून उभ्या असलेल्या दोन खोल्या.
त्यानं गटाराचं लोखंडी झाकण उचललं,
हातगाडीवर घातलं, वर गोणपाट,
पहाटे चारला, झाडूवाल्यांच्या आधी.
भंगारवाल्यानं सहाशे दिले,
दोनशे बाकी ठेवले.

साडेपाचला वत्सलाबाई केकरे
दुधाची पिशवी घेऊन
त्या गोल अंधारात उतरल्या.
खुब्याचं हाड.

एम.ए.ला आम्हाला शिकवलं होतं :
आधी लोक कवट्या मोजायचे,
जबडा पुढे, कपाळ मागे, म्हणजे चोर.
मग कोणी शहराचा नकाशा घेऊन बसलं,
वर्तुळात वर्तुळ, मधल्यात पाप जास्त.
मग कोणी म्हणालं, चोर चोर म्हणत राहा,
पोरगं एक दिवस ओ देईल.
दुपारी तीनचा तास, पंखा कुरकुरायचा,
मी प्रत्येक उत्तराच्या शेवटी लिहायची,
'हे सर्व घटक थोड्याफार प्रमाणात.'
बासष्ट टक्के मिळाले.

घरभेट.
आई शेवेच्या कारखान्यासाठी लसूण सोलते,
बोलताना नखं थांबत नाहीत.
भिंतीवर आजोबांचं मिलचं ओळखपत्र,
प्लास्टिकमध्ये, देवाशेजारी.
मिल बंद पडली तेव्हा ही आईच रांगत होती.
हे कारणात धरायचं का?
किती मागे जाऊ? दीड ओळीत
किती पिढ्या बसतात?

भूक लागली होती का रे?
'नहीं भिया,' जीभ चावली, 'म्हणजे मॅडम.
मोबाइलची काच फुटली होती.'
मी पेन उचललं, तसंच धरून ठेवलं.

मोठा भाऊ दारात उभा होता.
त्याच खोल्या, तोच लसूण, तोच बाप
जो महिन्यातून दोनदा घरी असतो.
हा इलेक्ट्रिकच्या दुकानात बसतो,
सापडलेला स्क्रूसुद्धा परत ठेवतो.
का?
त्याच्यासाठी फॉर्म नसतो.

मग एम.वाय.ला, तिसऱ्या मजल्यावर.
वत्सलाबाईंच्या पायाला वजन टांगलेलं.
'किती आले त्याला?'
सहाशे. दोनशे यायचेत.
त्या हसल्या, हसू खुब्यापर्यंत गेलं,
मग बराच वेळ डोळे मिटून राहिल्या.
'शिक्षा होऊ दे त्याला. थोडी.'
थोडी म्हणजे किती, काकू?
'ते तू शिकलीस ना गं.'

गल्लीत आता नवं झाकण आहे, सिमेंटचं.
कोणी विकत घेणार नाही.
शहर आपल्यापुरतं कारण शोधून मोकळं झालं,
शेजारच्या भिंतीवर स्वच्छतेचा हंस रंगवलाय.
ज्यानं झाकण विकत घेतलं
त्याच्या दुकानासमोरून मी दोनदा गेले.
वजनकाटा चालू होता.
त्याला कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही.

रात्री लिहायला बसले.
'मोबाइलची काच' लिहिलं. खरं होतं,
आणि वाचायला खोटं वाटत होतं.
खोडलं.
'आर्थिक व कौटुंबिक परिस्थिती' लिहिलं.
वाचायला खरं वाटत होतं.
तेही खोडलं. कागद विरला तिथे.

निरीक्षणगृहातून निघताना
त्यानं एकच विचारलं होतं,
मॅडम, ते दोनशे आता मिळतील का?
मी म्हटलं, बघू.
हे 'बघू' मी कुठल्या रकान्यात टाकू?

शेवटी छापील भाषेत दोन शब्द,
सही, तारीख.
आणि समासात, पेन्सिलीनं, बारीक :
भाऊ?

साहेब पुढे पाठवण्याआधी
खोडरबर फिरवतील.